गेलेला वरचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुने फुफ्फुस आहे. भिवंडीच्या टेमघरात राहणाऱ्या हरीचे, उजव्या बाजूचे. माझा वरचा कोपरा कायमचा गेला हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी एक्स-रे पाहून हरीची बायको नीला रागावली. "गुळानं खोकला जात असता तं दवाखाने कशाला बांधले असते?"

तिचे खरे होते. हरी तीस वर्षे निजामपुऱ्यात कापडाचा लूम चालवत होता. तिथे कापसाची धूळ उडते, सगळेच खोकतात आणि घसा साफ व्हावा म्हणून शिफ्टमध्ये गुळाचा खडा तोंडात टाकतात. हरीनेही तीन महिने गूळच खाल्ला. ताप यायचा, वजन उतरले, तरी तो धुळीलाच बोल लावत राहिला.

माझ्यात क्षयाचे जंतू शिरले होते. शरीराच्या पांढऱ्या पेशी धावल्या. त्यांनी जंतू गिळले, पण ते मेले नाहीत. मग आणखी पेशी आल्या आणि त्यांनी गोल वेढा घातला. वेढ्याच्या मधला भाग पनीरसारखा होऊन कुजला. जंतूंशी लढताना पेशींनी जे रस सोडले, त्यांनी माझे तंतूही विरघळवले. तो कुजका भाग खोकल्यातून बाहेर पडला आणि मागे पोकळी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी हरीला समजेल असे सांगितले. "गोदामाला आग लागते तेव्हा निम्मे तागे आगीनं जातात, निम्मे बंबाच्या पाण्यानं. तुमचं तसंच झालंय."

"मग बंब बोलवायचाच न्हाय काय?"

"बोलवायचा, पण आग लहान असताना."

सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला आणि हरी म्हणू लागला की आता गोळ्या पुरे. जंतू अजून माझ्यात दडून होते. त्याने गोळ्या चालू ठेवल्या तरच माझे उरलेले वाचणार होते. नीला रोज सकाळी गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची.

"तोंड उघडा. जिभेखाली बघू."

"मी काय पोर हाय?"

"पोर ऐकतं तरी."

गोळ्या पूर्ण झाल्या, जंतू मेले. पोकळीच्या जागी कडक व्रण आहे. तो फुगत नाही, म्हणून हरी जिन्यात मध्येच थांबतो. पण सकाळी शेलार गावापर्यंत चालून येतो. उरलेल्या भागावर माझे चांगले चालले आहे. मी समाधानी आहे.

गेल्या चैत्रात नीला हृदयविकाराने गेली. हरी रडायचा तेव्हा मी भरायचे आणि रिकामे व्हायचे. मला तेवढेच येते.

मित्रांनो, खोकला दोन आठवडे राहिला तर धुळीला दोष देत बसू नका, थुंकी तपासून घ्या. माझे गेले ते परत येत नाही. तुमचे अजून सगळे आहे.

गोळ्या संपल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते. तीन वेळा नीला हरीला घेऊन गेली. चौथी तपासणी अजून झालेली नाही.