दुपारची बादली

आमच्या ह्यांचा भोपळा सलग तीन वर्षं फुटला, आणि तिन्ही वेळा ऐन स्पर्धेच्या आठवड्यात. पहिल्या वर्षी हे हसले, दुसऱ्या वर्षी चिडले, तिसऱ्या वर्षी नुसतेच भेगेसमोर बसून राहिले. जन्मभर बस चालवली, निवृत्तीनंतर महाकाय भोपळ्याचा एवढा एकच नाद. त्यात गल्लीतले टवाळ विचारणार, "काय ड्रायव्हरसाहेब, यंदाही भोपळाच का?" शेवटी ह्यांनी जाहीर केलं, "हा फुटला तर बागेत पुन्हा पाऊल टाकणार नाही." हे बोलतात तसं करतात. मला धडकीच भरली.

म्हणून यंदा कशातच कसर ठेवली नाही. फळाला सरकायला सोपं जावं म्हणून खाली वाळू पसरली. उन्हानं साल कडक झाली की ताणत नाही, तडकते. म्हणून मी चार जुन्या चादरी जोडून वर आडोसा शिवला. फळ फुगलं की देठ ओढला जातो, तेव्हा ह्यांनी देठाजवळची बारीक मुळं कापून वेल मोकळा केला. पाणी सकाळ-संध्याकाळ मोजून. घेर मात्र मीच घेणार. मी शिंपीण, दुसऱ्याचं माप मला पटत नाही. एक टेप पुरेना, दोन जोडल्या. घेरावरून हिशेब केला तर दिवसाला बारा किलोंची वाढ! असलं गिऱ्हाईक माझ्या वहीत कधी आलं नव्हतं.

स्पर्धेला बारा दिवस उरले होते. बियाणं विकणाऱ्या बाईंकडे गेले असताना मी सहज म्हटलं, "दुपारी पानं अगदी माना टाकतात हो, बघवत नाही."

"टाकू देत. ऊन सोसायची त्यांची रीतच आहे ती. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. तेव्हा जादा पाणी घालाल, तर फळ एका दमात फुगून फाटेल."

मी दुकानातल्या पोत्यावर बसलेच. तीन वर्षं, हे दुपारी आडवे झाले की, मी रोज एक बादली ओतत होते. मायेनं! यंदाही, अगदी कालपर्यंत. कापड हळू ओढलं तर ताणतं, हिसका दिला तर उसवतं, हे मी शिकाऊ मुलींना सांगत आले, आणि घरच्या भोपळ्याला रोज हिसका देत होते.

"समजा, कुणी घालत असेल तर?" मी विचारलं.

"त्या कुणीतरी एकदम बंद करू नये. रोज थोडं थोडं कमी करावं," त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या.

बादलीची अर्धी बादली झाली, मग तांब्या, मग तोही बंद. ह्यांना सांगायला मात्र तोंड उघडेना. एरवी माझ्या जिभेला हाड नाही.

शुक्रवारी सकाळी हे बागेतून ओरडले, "अगं, भेग!" मी मापाची वही टाकून धावले. देठाशी केसाएवढी रेघ होती. ह्यांनी ती जागा कोरडी पुसली, घरातला पंखा बाहेर आणून लावला. आता ती आत उतरायला नको. आतल्या पोकळीपर्यंत गेली की भोपळा बाद. दुपारी पानांनी माना टाकल्या. नळाशी बादली भरलेली होती. मी मशीनवर बसले आणि एकाच उशीला तीनदा टीप मारली.

रविवारी आठ जणांनी ताडपत्रीत धरून भोपळा टेंपोत चढवला. मैदानावर परीक्षक बाईंनी बॅटरी लावली, रेघेत बारीक काडी सरकवली. काडी नखभर आत गेली आणि अडली.

"वरवरची आहे. घ्या काट्यावर."

चारशे अडतीस किलो! तिसरा नंबर! उगाच कधी हॉर्न न वाजवलेला माझा नवरा मैदानात उड्या मारू लागला. मीही मारल्या, दुखरे गुडघे गेले खड्ड्यात!

निवेदकानं ह्यांच्यापुढे माईक धरला. "तीन वर्षं फुटला, यंदा कसा टिकला?"

"तीन वर्षं माझंच काहीतरी चुकत होतं," हे म्हणाले. "माझ्या हातालाच यश नाही, असं वाटायला लागलं होतं."

मी माईक ओढला. "ह्यांचं काही चुकलं नाही! पानं कोमेजायची म्हणून रोज दुपारी मी चोरून बादली घालत होते. तिन्ही भोपळे मी फोडले!"

हे माझ्याकडे वळले.

"रोज?"

"रोज."

"भर उन्हात? त्या गुडघ्यांनी?"

मला हुंदकाच फुटला. ह्यांनी माझ्या हातातली टेप घेऊन स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि माझा हात धरला. समोर गेल्या वर्षीचा विजेता उभा होता. त्याचा भोपळा याच मंगळवारी फुटला होता. तो सावकाश मागे वळून आपल्या बायकोकडे बघायला लागला.