तानुबाईची साक्ष

वच्छला लग्न होऊन आली ती धुळ्याच्या पुढे पांझरेकाठच्या या घरात, आणि त्या दिवसापासून इथंच राहिली. घरात नव्हता तो तिचा नवरा. अभिमन रावेरला केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आधी दर पंधरवड्याला यायचा, मग महिन्यानं, मग सणावारी, आणि पुढे पुढे सणही त्याच्यावाचून जायला लागले. तिकडे त्यानं दुसरं बिऱ्हाड केलंय, हे सासूला आणि सुनेला वेगवेगळ्या तोंडून कळलं होतं. दोघी त्यावर एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. सासरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं सगळं वच्छलानं केलं. तो गेल्यावर घरात दोघी बायका उरल्या. कापूस वेचताना सासू तानुबाई एक ओळ धरायची, सून शेजारची धरायची, आणि सूर्य कलेपर्यंत दोघींचा हात सारखा चालायचा.

एका दुपारी वच्छलाचा भाऊ लोटन सायकल दामटत आला. त्याच्या हातात कोर्टाचा कागद होता. कागद त्याच्या घरी, म्हणजे वच्छलाच्या माहेरी गेला होता. लोटननं ओट्यावर बसून तो वाचून दाखवला. अभिमनला घटस्फोट हवा होता. त्याचं म्हणणं असं की बायको आपल्या मर्जीनं नांदतं घर सोडून माहेरी निघून गेली आणि वारंवार बोलावूनही परत आली नाही.

वच्छला चुलीपुढे बसली होती. तिनं भाकरी उलटली आणि मान खाली घातली.

तानुबाईनं सुनेला विचारलं, "तू कोठे गई व्हती व?"

"कोठे बी नही, माय."

"मंग हाई काय लिखेल शे?"

लोटन म्हणाला, "लिखनारानं लिखं. आते वकील पाहना पडी."

वकिलाला द्यायला दोघींकडे काही नव्हतं. पण गरजूंना कोर्टाकडून वकील मिळतो असं लोटननं ऐकलं होतं. तिघं एस.टी.नं धुळ्याला गेले. तिथं प्रमिलाबाई नावाच्या वकील भेटल्या. वय फार नव्हतं, आवाज मात्र खणखणीत होता. त्यांनी कागद वाचला आणि वच्छलाला एकच गोष्ट विचारली, "गावातलं कोण येऊन सांगेल, तुम्ही सासरीच आहात म्हणून?"

वच्छलानं सासूकडे पाहिलं. शेजारच्या धनसिंगला विचारून झालं होतं. अभिमनच्या ओळखीनं त्याचा कापूस ट्रकमधून बाजाराला जायचा, त्याला वाईटपणा नको होता. भाऊबंदांनी तर ऐकूनही घेतलं नव्हतं.

"मी सांगसू," तानुबाई म्हणाली.

प्रमिलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "अक्का, तो तुमचा एकुलता एक मुलगा आहे. तुम्ही त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलात तर तो तुमचं तोंड बघायचा नाही. घरी जा, विचार करा. मी आग्रह करणार नाही."

"इचार कसाना करना? ती घरमाच शे."

तारखेच्या आधी अभिमन आला. ट्रक गावाबाहेर उभा करून पायी आला. अंगानं भरला होता, केस विंचरलेले होते. वच्छलानं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि विळा घेऊन ती शेताकडे निघून गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"माय, तू कोर्टमा जाऊ नको," तो म्हणाला.

"काब्रं?"

"तठे माले एक आंडेर शे. लहान शे आजून. तिले मन्हं नाव लागाले पाहिजे. हाई सुटनी तरच लागी."

तानुबाईला नात झाल्याचं त्या क्षणी कळलं. तिनं विचारलं, "कोनासारखी दिखस?"

"बापासारखी."

"तुन्हासारखी?"

"नही. मन्हा बापासारखी."

तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "अभिमन, तुले ती नको त नको म्हन. दुसरी करी म्हन. पन ती पयी गई, असं कसाले लिखं तू? तुन्हा बाप पडेल व्हता तवय त्यानं हागनं-मुतनं कोनी काढं? तू त फक्त आगीन देवाले ऊना."

"खरं सांगं त मीच अडकस. वकील म्हने, असंच लिखनं पडस."

"मंग मी बी जे शे तेच सांगसू."

अभिमन उठला. "मंग आजपासून मी तुन्हा कोनी नही," असं म्हणून तो पायरी उतरला. तानुबाई त्याला अडवायला उठली, आणि उठून तशीच उभी राहिली. लांबून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

कोर्टात तानुबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून शपथ घेतली. सून एक दिवसही घर सोडून गेली नाही, राखीला माहेरी जायची ती संध्याकाळी परत यायची, असं तिनं सांगितलं. मग मुलाचा वकील उभा राहिला. चांगला बोलणारा माणूस होता.

"आजी, तुम्ही थकलात. सून गेली तर तुम्हाला बघायला दुसरं कोणी आहे का?"

"नही."

"म्हणजे ती जाऊ नये म्हणून तुम्ही हे सांगताय."

तानुबाईनं समोर बसलेल्या लेकाकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. "ती जावाले नको असं माले वाटस, ते बी खरं शे," ती म्हणाली. "पन ती गयेल नही, ते बी खरंच शे."

अभिमनचा अर्ज फेटाळला गेला. प्रमिलाबाईंनी बाहेर येऊन वच्छलाच्या पाठीवर हात ठेवला. लोटननं पेढे घेतले. त्या संध्याकाळी एस.टी.त तानुबाईला वाटत होतं, लेक गेला तो गेला, पण आता घर तरी राहिलं.

वच्छला मात्र त्यानंतर मिटत गेली. कामात कसूर नव्हती. पण ताटावर बसली की घास हातात धरून राहायची. तुरी झोडपायचे दिवस होते, खळ्यावर दोघीच होत्या, तेव्हा ती अचानक म्हणाली, "माय, माले मोकयं व्हवानं शे."

तानुबाईला आधी कळलंच नाही.

"कोर्टनी सांगं, मी त्यानी बायको शे. मंग पुढे काय? त्याले मी नको, माले बी तो नको. बाया अजून मन्हा कपायना कुंकूकडे दखतीस आन हासतीस. आते मी दोन्हींनी मर्जीनं अर्ज करसू. वकीलबाई म्हने, तसं व्हस." पेंढी उलटून ती म्हणाली, "जामनेरना एक जागा दादानी सांगेल शे."

जामनेरच्या जिनिंगमध्ये चुडामण नावाचा मुकादम होता. बायको वारलेली, एक लहान पोरगी. लोटन त्याच्याशी वच्छलाच्या लग्नाचं बोलून आला होता.

तानुबाईच्या हातातली काठी खाली पडली. "याकरता मी मन्हा पोटना गोया गमाडा?" ती म्हणाली. "याकरता तठे उभी ऱ्हायनू मी?"

वच्छला तुरी झोडपत राहिली.

पुढचे काही दिवस सासू ओट्यावर निजायची, सून आत. तानुबाईला मुलाच्या वकिलाचं बोलणं आठवायचं. तेव्हा तिनं ते सहज कबूल केलं होतं. आता कळत होतं की आपण सुनेसाठी म्हणून भांडलो त्यात आपली भाकरही होती, आपलं म्हातारपणही होतं. आणि ही पोरगी तिशीत आहे, हे आपण मोजलंच नव्हतं. ते कळून तिला बरं वाटलं नाही. उलट जास्तच रडू आलं.

एका सकाळी ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून दारात आली. "चाल," ती सुनेला म्हणाली. "वकीलबाईकडे जाऊत."

अभिमनला हेच हवं होतं, तो लगेच सही करायला आला. कोर्टानं कायद्याप्रमाणे सहा महिने थांबवलं आणि पुन्हा बोलावलं. त्या दिवशी घटस्फोट मंजूर झाला. व्हरांड्यात अभिमनबरोबर रावेरची ती बाई होती, पोर कडेवर घेतलेली. बाई अगदी कोवळ्या वयाची होती. तानुबाईला पाहताच तिनं घाईघाईनं पदर घेतला. पोरीचे कान थेट आजोबांचे होते, पुढे आलेले. तानुबाईनं हात पुढे केला. पोर तिच्याकडे झेपावलीही. अभिमननं तिला चटकन आपल्या खांद्यावर घेतलं आणि त्या बाईला म्हणाला, "चाल, आपले रावेरनी गाडी शे."

तानुबाईचा हात थोडा वेळ तसाच राहिला.

वच्छलाला घेऊन लोटन परस्पर आपल्या घरी निघणार होता. धुळ्याच्या स्टँडवर ती सासूच्या पाया पडली आणि उठेचना. तानुबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "दिवाईले ये," ती म्हणाली. "आते मन्हं घर तुन्हं माहेर शे. त्यालेबी संगे लय."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वच्छला आली. चुडामण आणि त्याची पोरगीही आली. माणूस साधा होता, तानुबाईला अक्का म्हणत होता. दुसऱ्या वर्षी वच्छलाला दिवस गेले होते म्हणून येता आलं नाही. पुढे चुडामणच्या घरच्यांनी म्हटलं, पहिल्या घरच्या सासूकडे काय जायचं, लोक नावं ठेवतात. तिनं लोटनच्या हाती निरोप पाठवला, कधी करंज्या पाठवल्या. मग तेही विरळ झालं.

तानुबाईनं तिला बोल लावला नाही. धनसिंगच्या बायकोनं एकदा विचारलं, "तू साक्ष देती नही त आंडोर अभिमन तरी ऱ्हाता. आते पस्तावा व्हत नही का तुले?"

तानुबाई सरकी वेगळी करत बसली होती. "रोज व्हस," ती म्हणाली, आणि पुढचा कापूस तिनं मांडीवर ओढून घेतला.