आत वळलेली चाकं

गेन्झोने आपली रिमोटची रेसगाडी टेबलावर उलटी निजवली, पुढच्या चाकावर बोट टेकवलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाला,

"सांगितलं तर कोणाला पटायचं नाही. पण गाडी घेतल्यापासून माझी पुढची चाकं आत वळलेली आहेत. किमोनो नेसलेल्या बाईच्या पावलांसारखी."

कोणी वाकून पाहायच्या आत त्याने गाडीवर टॉवेल टाकला.

"आजोबा, पुढची चाकं बाहेर फाकवतात," नागुमो म्हणाला. "गाडी वळणात चटकन शिरते. आख्खं जपान फाकवतं."

"म्हणून तर आख्खं जपान वळणावर उलटतं."

माणसं हसली. नागुमो मात्र हसला नाही. नळ-बेसिनचा हा व्यापारी एका हातात नूडल्सचा कप आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन सकाळपासून टेबलं हुंगत हिंडत होता. कोणाची गाडी उलटी दिसली की खालून फोटो. मघाशी त्याच्या कपातला रस्सा गेन्झोच्या टॉवेलवर सांडला होता. या माणसाने जन्मात एक स्क्रू स्वतःच्या अकलेने फिरवला नव्हता. आणि ओगाताच्या या दुकानातल्या काचेच्या कपाटात, जिथे हामामात्सु शहरातली एकच गाडी वर्षभर मानाने बसते, तिथून गेन्झोची गाडी काढून, आजची शर्यत जिंकून आपली बसवायला तो आला होता. तेव्हा त्याला खड्ड्यात घालायला एक थाप पुरे, असा गेन्झोचा हिशेब. थापा तर तो जेवणाआधी सहज दोन-चार मारी.

नागुमोने नूडल्स अर्धवट टाकल्या आणि पाना हातात घेतला. शेजारच्या टेबलावरच्या हात्सुएनेही घेतला. ती केशकर्तनालय चालवायची, आणि रविवारी इथे यायची.

"खरंच आत, गेन्झो-सान?"

"मी कधी खोटं बोललोय?"

"तेच आठवून बघतेय," ती म्हणाली.

पहिली फेरी गेन्झोची होती. ओगाताने वरच्या मजल्यावर नवा गालिचा अंथरला होता. गोंदाचा वास मारणारा, चाकांना चिकटून बसणारा. गेन्झोची गाडी पहिल्याच वळणात झटका खाऊन उलटली. दुसऱ्यांदा उलटली तेव्हा त्याने गालिच्याला अशी शिवी दिली की ओगाताने खिडकी लावून घेतली.

आपली फेरी झाली की पुढच्या फेरीत कोपऱ्यावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा तिथला रिवाज. गेन्झो आनंदाने उभा राहिला. नागुमोची गाडी आपल्याच पायाशी गडगडणार, आणि आपण ती अगदी सावकाश, कंबर धरत उचलणार.

ती गडगडली नाही. सुईतून दोरा ओढावा तशी वळणातून निघून गेली. मागून हात्सुएचीही गेली. गेन्झो रिकाम्या हातांनी बघत राहिला, आणि तिसऱ्या चकरेला त्याला कळलं. नवा गालिचा चाकांना फारच पकडत होता. फाकलेली चाकं त्यावर बावचळत. आत वळवली की गाडी जराशी आळसावे, नेमकी हवी तेवढी.

त्याची थाप खरी निघाली होती. आणि हामामात्सुत ती खोटी मानून चाकं फाकलेली ठेवणारा तो एकटाच उरला होता.

अंतिम शर्यतीत तो कसाबसा, शेवटच्या जागेवर घुसला. सगळे खाली जेवायला गेले तेव्हा गाडी कोटाखाली लपवून तो संडासात शिरला आणि आतून कडी लावली. गाडी मांडीवर घेऊन त्याने चाकं वळवणाऱ्या दोन्ही दांड्यांना पाना लावला आणि आटे उलगडून त्या लांब केल्या. चाकं आत आली, तशी त्याला स्वतःच्याच बोटांची शिसारी आली. त्याने हात दोनदा साबणाने धुतले.

संध्याकाळी तो जिंकला. नागुमो दुसरा आला, हात्सुए तिसरी.

ओगाताने काचेचं कपाट उघडलं. नागुमो समोर आला आणि कमरेत पुरता वाकला.

"आजोबा, तुमच्यामुळे आम्हाला कळलं. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं."

आणि डोळ्यांत खरोखरचं पाणी! गेन्झोला गप्प बसायला याहून चांगली वेळ नव्हती. पण जीभ त्याची होती.

"सांगितलं होतं ना? गाडी घेतल्यापासून अशीच आहेत. पाना म्हणून लावलेला नाही."

हात्सुएने गाडी कपाटात ठेवायला हातात घेतली. आधी उलटी केली आणि पोटावरची गालिच्याची तुसं फुंकली. दिव्याखाली तिने ती डोळ्यांजवळ नेली. दांड्या धुळीने काळ्या पडल्या होत्या. फक्त टोकांशी, नुकतेच बाहेर आलेले आटे सुईच्या अग्रासारखे चकाकत होते.

तिने आधी नागुमोकडे पाहिलं, मग गेन्झोकडे.

"हे आटे आज दुपारचे आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गेन्झो-सान, तुम्ही नागुमोची नक्कल केलीत."