चार महिने, एकही फिट नाही

लेकीला फिट येणार हे आईला सगळ्यांच्या आधी कळायचं. पोर ओठ चाटायला लागली, डावा अंगठा आत वळला, की शिलाई मशीन तसंच सोडून ती धावायची. लेक सहा वर्षांची होती तेव्हापासून चौदाची होईपर्यंत हेच. प्रत्येक फिट तिने वहीत लिहून ठेवली होती: किती वाजता, किती मिनिटं, आधी कुठला हात. पोरीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली उशी सरकवायची, शुद्धीवर आली की ‘मी आहे गं’ म्हणायचं, हे काम तिचंच. नवऱ्याला तर नुसता घाम फुटायचा.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली. ती औषधांच्या लॅबमध्ये कामाला होती. केसाहून बारीक टोकाच्या काचेच्या नळीने मेंदूच्या एकेका पेशीतला विजेचा प्रवाह मोजायची. तिने दोन दिवसांत वही वाचून काढली आणि म्हणाली, “ताई, फिट दर वेळी एकाच बाजूने सुरू होतेय. आताची गोळी याला बरोबर आहे का, डॉक्टरांना विचारूया.”

डॉक्टरांनी वही चाळली आणि गोळी बदलली, हळूहळू वाढवत नेली. त्यानंतर फिट आलीच नाही. एक महिना, दोन, चार.

सासूबाई येईल त्याला सांगायच्या, “धाकटीचा पायगुण!” ऐकून ऐकून आईचे कान किटले. वही तिची, जागरणं तिची आणि पायगुण भलतीचाच.

त्यात लेक सारखी काकूच्या मागे. एका दुपारी आई बाही जोडत होती आणि शेजारी दोघींचं चाललं होतं.

“काकू, गोळी डोक्यात जाऊन करते काय?”

“पेशींना बारीक दारं असतात. ती उघडली की सोडियम आत घुसतो आणि पेशी संदेश सोडते. मग दार क्षणभर बंद. फिटमध्ये काही पेशी दमच खात नाहीत, सोडतच सुटतात. गोळी त्या बंद दाराला चिकटते, लगेच उघडू देत नाही.”

“मग मी विचार कशी करते?”

“सावकाश काम करणाऱ्या पेशीला तेवढ्या उशिराने काही फरक पडत नाही. जी धडाधड सुटते, तीच अडते.”

“आमच्या वर्गात बडबड करणाऱ्यांनाच बाई उठवतात, तसं!” दोघी खिदळल्या.

आठ वर्षांत आईने लेकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं. बाही उलटी जोडली गेली.

दोन दिवसांनी जेवताना लेकीने ओठ चाटले. आई खुर्ची पाडून उठली, पोरीला खांद्याशी धरलं.

“अगं आई, ओठ फाटलेत माझे!”

सगळे हसले. आईही हसली, पण तिला हायसं वाटलं नव्हतं. तिचा हिरमोड झाला होता. ते उमगलं आणि तिने ताट बाजूला सारलं.

जेवणं झाल्यावर गच्चीवर धाकटी कपडे वाळत घालत होती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मला वाटलं, फिट यावी तिला. एकदाच. सगळ्यांनी मला हाक मारावी.”

धाकटीच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. “ताई, गोळी कधी चुकवली नाहीत ना?”

“हात झडतील माझे!”

“मग झालं.”

“झालं कसं? तुझं तोंड बघवत नाही मला.”

“ते कळलंय मला,” धाकटी हळूच म्हणाली. “माझा कुर्ता महिनाभर तुमच्या मशीनवर पडून आहे.”

आईला नको असताना हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. डोळे पुसून ती म्हणाली, “ते दारांचं मलाही सांग. आणि यापुढे काही असलं तर आधी मला.”

धाकटीने सगळं पुन्हा सांगितलं. आईने नीट ऐकून विचारलं, “पुढे ही गोळी लागू पडेनाशी झाली तर?”

“कधीकधी होतं तसं. लक्ष ठेवावं लागेल.”

“ते मी ठेवीन.”

तेवढ्यात खालून लेकीची हाक आली, “काकू!” धाकटी जागची हलली नाही. आई खाली गेली. दारात तिला पाहून लेकीचा चेहरा जरासा उतरला. आईला ते दिसलं. तरी ती “काय गं, काय हवंय?” म्हणत तिच्याशेजारी जाऊन बसली.