बंद पडणारं यंत्र

अहल्याबाईंना लोक हट्टी म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यात लोकांचं काही चुकत नव्हतं. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी उभी हयात अतिनील प्रकाशाच्या मागे घालवली. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या प्रकाशानं पाण्यातले जंतू नामोहरम होतात, हे काही त्यांनी शोधलेलं नव्हतं. ते जगाला कधीचं ठाऊक होतं. त्यांचं डोकं अडकलं होतं भलतीकडेच. पाणी गढूळ आलं, दिव्याच्या काचेवर क्षार चढले, तर प्रकाश पाण्यात शिरतच नाही. दिवा आपला निळा निळा दिसत राहतो, नळ वाहत राहतो, आणि माणसं शुद्ध समजून तेच पाणी पितात. अशा वेळी यंत्रानं काय करावं? अहल्याबाई म्हणत, बंद पडावं.

यावर संस्थेत काय हसं झालं म्हणता! बाकीचे जोरदार दिवे करताहेत, परदेशांत जाऊन निबंध वाचताहेत, आणि ही बाई बंद पडणारं यंत्र करतेय. एका वरिष्ठांनी भर चर्चासत्रात विचारलं, की बाई, न चालणारं यंत्र तुम्ही विकणार तरी कुणाला? बाई म्हणाल्या, "ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना." एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्यांची बढती रखडली ती त्या उत्तरापायी, असं त्यांच्या घरचे अजून म्हणतात.

पण यंत्र त्यांनी केलंच. एक लांब पोलादी नळकांडं, त्याच्या मधोमध काचेच्या नळीत दिवा, आणि नळकांड्याच्या अंगाला एक छोटी गोल काच. त्या काचेवर बाहेरून बसवलेला सेन्सर. त्याला सगळे डोळा म्हणत. पाण्यातून आरपार पुरेसा प्रकाश आला नाही, की डोळा झडपेला कळवणार आणि झडप खाडकन मिटणार. सगळी करामत त्या डोळ्यात होती.

आता निवृत्तीला आल्यावर कुठे एका कंपनीनं ते यंत्र उचललं. कंपनीचा तांत्रिक प्रमुख अवधूत हा बाईंचाच विद्यार्थी, नागपूरचा. यंत्राला त्यानं बाईंचंच नाव दिलं आणि नळकांड्यावर पितळी अक्षरांत 'अहल्या' असं बसवून घेतलं. बाईंना त्या दिवशी रडू आलं होतं, उगाच कशाला लपवा. पहिलं यंत्र लागलं देवनहळ्ळीजवळच्या एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत वसाहतीत. हे मार्गी लागलं तर ते गावोगाव जाणार होतं. नाही लागलं, तर बाईंबरोबर तेही घरी बसणार होतं, आणि जन्माची मेहनत अडगळीच्या खोलीत.

अशात एके दिवशी उल्काचा फोन आला. उल्का पुण्याची, आयटीत नोकरी, त्या लेआउटच्या कमिटीवर होती.

"ताई, आमच्याकडे घरोघर पोटं बिघडलीत. माझी मुलगी आठवडाभर सलाइनवर होती. कंपनी म्हणते, बाहेरचं खाल्लं असेल. दीड वर्षाचं मूल काय बाहेरचं खाणार?"

"यंत्र बंद पडत नव्हतं का?"

"आधी सारखं पडायचं. लोक वैतागले होते. मग त्यांनी येऊन काहीतरी रिपेअर केलं. तेव्हापासून एकदाही बंद पडलं नाही."

अहल्याबाईंनी मनाशी जुळवून पाहिलं. बोअरवेलचं जड पाणी, त्यात टँकरचा गाळ, आणि यंत्र एकदाही बंद पडलं नाही?

त्यांनी अवधूतला फोन लावला. तो गोड बोलला. पाइपलाइनचा प्रॉब्लेम असेल मॅडम, आयुधपूजेला रीतसर उद्घाटन आहे, तेव्हा या आणि बघा. पॅनल उघडून ठेव म्हटलं, तर म्हणाला, त्याला सील आहे.

आयुधपूजेच्या दिवशी बंगळुरात जे जे चालतं ते पूजलं जातं. रिक्षा, लिफ्ट, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. लेआउटच्या पंपघरालाही केळीचे खांब बांधले होते, दाराशी फोडायला कोहळा ठेवला होता, चुरमुऱ्यांच्या पुड्या तयार होत्या. वरून विमानं घरघरत चालली होती. यंत्र सांभाळणारा उमाजी तबक घेऊन उभा होता. तो देवनहळ्ळीच्या जुन्या मराठा घरातला, बाईंसारखाच पिढ्यान्‌पिढ्या इथला.

"अवधूत, आधी पॅनल उघड," बाई म्हणाल्या.

"मॅडम, पाहुणे आलेत. आधी पूजा होऊ द्या. नंतर बघू."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे न कळायला बाई काही दूधखुळ्या नव्हत्या. पण बंद पॅनलसमोर त्या करणार काय? आरडाओरडा केला असता तर म्हातारी सणाच्या दिवशी चळली म्हणाले असते. त्यांनी पॅनलकडे पाहिलं, अवधूतकडे पाहिलं, मग उमाजीच्या हातातल्या तबकाकडे पाहिलं. तबकात वाटीभर गंध होतं.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "मग पूजा मीच करते. नाव माझं, तेव्हा मानही माझा."

त्यांनी यंत्रातला दिवा मालवून ठेवायला सांगितला. यंत्राचा डोळा फिरवून सोडवला आणि त्यामागच्या गोल काचेवर गंध लावलं. बोटभर नव्हे, चांगलं थापलं. त्यावर कुंकू दाबलं आणि डोळा परत होता तसा बसवून टाकला. उमाजीची नजर तबकावरून हलेना. बायका म्हणाल्या, किती भक्तीनं करताहेत. अवधूतनंही हात जोडले. यंत्राच्या कपाळी कुंकू लावताना या शहरात कोण कुणाचा हात धरणार?

कोहळा फुटला. दिवा लागला, पंप सुरू झाला. आता डोळ्याला मिट्ट काळोख. यंत्र धड असेल तर झडप मिटायलाच हवी होती, नळाला थेंबही यायला नको होता. नळाला पाणी आलं. चांगलं भसाभसा आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई ते पाणी बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचं सर्वांग संतापानं पेटलं. आपल्या लेकीला शिकवून सवरून सासरी पाठवावी आणि तिथं तिला कुणी मुकं करून ठेवावं, तसं झालं होतं. उल्काच्या पोरीचं सलाइन त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

अवधूतनं पेला भरून पुढे केला. "मॅडम, पहिला घोट तुमचा."

"मी हे पिणार नाही. आणि इथं कुणीही पिऊ नका."

हे त्यांनी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये, मग हिंदीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. डोळ्यावर मी गंध थापलंय, त्या म्हणाल्या, तरी यंत्र चाललंय. म्हणजे याचा डोळा कुणीतरी तोडून टाकलाय.

अवधूत जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, त्याच्यावर तुमचं नाव आहे. तुमचीच शोभा होईल."

"होऊ दे."

"लोकांना पाणी लागतं, मॅडम. ऊठसूट बंद पडणारं यंत्र कोण ठेवून घेईल? तुमचं यंत्र बाजारात जावं म्हणूनच मी ते चालतं ठेवलं."

"चालतं नाही ठेवलंस. गप्प केलंस. मी तुला हेच शिकवलं का रे?"

तेवढ्यात उल्का मुलीला कडेवर घेऊन पुढे आली. "पॅनल उघडा. आत्ता. यंत्र आमच्या सोसायटीचं आहे. सील तुम्ही तोडता की मी तोडू?"

अवधूतनं किल्ली काढली. आत जे निघायचं तेच निघालं. डोळ्याची तार सोडवून बाजूला गुंडाळली होती, आणि तिच्या जागी एक आखूड तार जोडून झडपेला खोटंच सांगितलं जात होतं, की सगळं ठीक आहे. बाईंनी वीज बंद करवली, ती आखूड तार स्वतः उपटली, डोळ्याची तार जागेवर बसवली. पुन्हा दिवा, पुन्हा पंप. झडप खाडकन मिटली. नळ आटला.

"काच तुम्हीच झाकलीत, मॅडम," अवधूत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "बंद पडणारच."

"बरोबर आहे." बाईंनी दिवा मालवला, डोळा काढला आणि आपल्या रेशमी पदराच्या टोकानं काच लख्ख पुसली. गंधाचा कण राहू दिला नाही. मग डोळा बसवून त्यांनी उमाजीला खूण केली. दिवा लागला. आता डोळा सताड उघडा होता. प्रकाश येत असता तर त्याला दिसला असता आणि झडप उघडली असती.

सगळे नळाकडे बघत राहिले. उल्काची मुलगी चुरमुरे चघळत होती. झडप हलली नाही.

"दिव्याच्या नळीवर क्षार चढलेत. त्यातून प्रकाश येईना. नळी काढून धुवायची, पुढे गाळणी बसवायची. तोवर पाणी उकळून प्या," बाई म्हणाल्या. त्यांच्या पर्समधला फोन केव्हाचा वाजत होता. संस्थेचे संचालक असणार. बातमी पोचलेली दिसत होती. निवृत्तीचा समारंभ, यंत्राचं गावोगाव जाणं, त्या फोनमध्ये काय काय होतं ते बाईंना न उचलताच कळत होतं. त्यांनी तो वाजू दिला.

गर्दीतून एका आजोबांनी काळजीनं विचारलं, "अक्का, यंत्र बिघडलं का हो?"

अहल्याबाईंनी गंधानं माखलेला पदर कंबरेला खोचला. "नाही, अण्णा. आत्ता कुठे चालायला लागलं."