सूट मिळाल्याची थाप

थाप मारली हरीशने, पण ती पोसली आणि जपली कांचनने. हे स्वतःशी कबूल करायला तिला साडेतीन वर्षं लागली.

२००५ सालचा जुलै महिना होता. रविवारी दुपारचे साडेतीन, म्हणजे सिंगापूरला सकाळचे साडेअकरा. ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या नव्या घराला अजून पडदेही लागले नव्हते. कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, आणलेलं फोनकार्ड खरवडून कांचनने नंबर लावला, मोठ्या बहिणीशी, नीलिमाताईशी, पोटभर बोलली आणि शेवटची पाच मिनिटं नेहमीप्रमाणे दोघा साडूंना दिली. पलीकडून मोरेश्वररावांनी विचारलं, "काय हरीश, अनिरुद्ध अठराचा झाला. कधी पाठवतोस?"

"अहो, त्याला सूट मिळाली!" हरीश खिडकीबाहेर बघत म्हणाला. "लहानपणीच देश सोडला ना, म्हणून सरकारनेच सोडून दिलं."

फोन खाली ठेवल्यावर कांचन नवऱ्याकडे बघतच राहिली. सूटबिट काही मिळाली नव्हती. मिळणार कुठून? मागितलीच नव्हती.

हरीश पुण्याहून सिंगापूरला गेला तो नोकरीसाठी. अनिरुद्ध तिथेच जन्मला आणि दोन वर्षांनी तिघांनीही तिथलं नागरिकत्व घेतलं. त्या देशातल्या प्रत्येक मुलाला अठरा पूर्ण झाले की दोन वर्षं लष्करात काढावी लागतात, हे फॉर्मवर सही करताना हरीशला चांगलं ठाऊक होतं. पण ज्याच्यासाठी सही करायची तो मांडीवर बसून पेनाचं टोपण चघळत होता. अठरा वर्षं म्हणजे तेव्हा कुठल्या कुठे वाटली. मुलगा बारा वर्षांचा असताना सगळे ऑकलंडला आले, चार वर्षांनी इथले नागरिक झाले. आईबापांचं जुनं नागरिकत्व त्याबरोबर गेलं. मुलाचं गेलं नाही. लष्करातली दोन वर्षं भरल्याशिवाय ते सोडताही येत नव्हतं. तिकडून पत्रं आली ती हरीशने गॅरेजमधल्या खणात टाकली. उत्तर एकालाही दिलं नाही.

"इथे येऊन कोण पकडणार आहे त्याला?" असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. इथे कुणी पकडणार नव्हतं. फक्त सिंगापूरच्या विमानतळावर पाय ठेवला असता, तर पासपोर्ट तपासणाऱ्यानेच बाजूला घेतलं असतं आणि पुढे खटला, दंड, तुरुंग, काय वाटेल ते झालं असतं. मग जायचंच कशाला तिकडे? पोरगा इंजिनिअरिंगला लागला होता. दोन वर्षं वाया घालवायची म्हणजे हरीशच्या दृष्टीने पाप. दुसऱ्यांची पोरं ती दोन वर्षं घालवतात, त्यांची पोरं काय वाटेवर पडलेली असतात? पण हे त्याला विचारणार कोण!

हे सगळं मोरेश्वररावांना सरळ सांगता आलं असतं. पण हरीशची जीभ रेटेना. साडू सरळ रेघेचा माणूस. नागरिकत्वाचे फॉर्म भरताना त्यांनी तोंडावर विचारलं होतं, "पुढे मुलाला पाठवणार ना? नाहीतर आत्ताच विचार कर." आणि हरीशने शब्द दिला होता. शब्द मोडला हे सांगण्यापेक्षा सूट मिळाली हे सांगणं सोपं. वेळ मारून नेण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

पण खरी अडचण मोरेश्वरराव नव्हतेच, नीलिमाताई होती. ताईला मूल नव्हतं. कांचन तिकडे हॉस्पिटलच्या फार्मसीत पाळ्या करायची, त्यामुळे अनिरुद्ध बारा वर्षांचा होईपर्यंत ताईच्याच घरी वाढला. शाळेतून तिथेच जायचा, जेवायचा, कित्येकदा तिथेच झोपायचा. ताप आला की आईला नाही, मावशीला हाक मारायचा. कांचनला त्याचा हेवा वाटायचा आणि मग हेवा वाटल्याची लाज वाटायची.

तो गेल्यापासून ताई त्याच्या अठराव्या वर्षाची वाट बघत होती. सगळ्या जगाच्या आया ज्या दोन वर्षांना भितात, ती दोन वर्षं म्हणजे हिच्यासाठी सणच होता. शेजारणीकडून तिने सगळी माहिती काढून ठेवली होती: शनिवारी पोरांना घरी सोडतात, रविवारी संध्याकाळी परत जावं लागतं, गणवेश घरीच धुवावे लागतात. "त्याची उंची किती झाली गं?" असं एकदा फोनवर विचारलं. "पलंग घ्यायचाय. पाय बाहेर यायला नकोत."

सूट मिळाल्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, "चला, पोर सुटला. बरंच झालं. मग आता सुट्टीत तरी पाठव."

इथेच सगळं अडलं. ज्याला सूट मिळाली तो मावशीला भेटायला का येत नाही? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि नव्हतं म्हणून दर वेळी नवं शोधावं लागायचं. आधी परीक्षा झाली. मग सुट्टीतली नोकरी झाली. मग मित्रांबरोबर साउथ आयलंडची सहल ठरली, ती तर खरोखरच ठरली होती. ताई प्रत्येक वेळी "हो का, असू दे" म्हणायची.

अनिरुद्धला खोटं बोलता यायचं नाही. हा गुण त्याने कुणाकडून घेतला, देव जाणे. पहिल्या वर्षी त्याने दोनदा फोनवर "एक्झाम्स आहेत गं मावशी" म्हटलं आणि दोन्ही वेळा फोन ठेवून तडक बाहेर निघून गेला. तिसऱ्यांदा तो आईसमोर उभा राहिला.

"आई, जस्ट टेल हर. तिला कळेल. काकांना राग येईल, सो व्हॉट?"

"अरे, बाबांची इज्जत आहे. इतकी वर्षं झाली, आता कसं सांगायचं?"

"मग मी सांगतो."

"नाही," हरीश आतल्या खोलीतून ओरडला. "तू मध्ये पडायचं नाहीस."

मुलगा मध्ये पडला नाही. त्याने एवढंच केलं, की रविवारी साडेतीनच्या सुमाराला तो घरात थांबेनासा झाला. मावशीशी खोटं बोलायला नको म्हणून मावशीशी बोलणंच सोडलं. ताईला पलीकडून काय दिसत असेल? पोर मोठा झाला, तिथलाच झाला, विसरला. कांचनला हे समजत होतं. समजूनही ती गप्प बसली, तिचं खरं पाप हेच.

२००८ च्या मार्चमध्ये ताईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मोरेश्वररावांनी फोनवर गोळ्यांची नावं वाचून दाखवली. ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या फार्मसीत कांचन त्याच गोळ्या रोज लोकांच्या हातात ठेवायची. कॅन्सरच्या कुठल्या टप्प्यावर कुठली गोळी सुरू होते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी तिने काउंटर सोडला, मागच्या खोलीत खोक्यावर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

जुलैत ती दहा दिवस सिंगापूरला जाऊन आली. जाताना ठरवून गेली होती की या खेपेला सांगायचंच. पण ताईच्या उशाशी मोरेश्वरराव बसलेले असायचे, आणि ते औषध आणायला खाली गेले की ताईचा डोळा लागलेला असायचा. निदान कांचनने स्वतःची समजूत तशी घातली. निघायच्या दिवशी ताई आपणहून म्हणाली, "अनूला काही बोलू नकोस हं. मुलं मोठी झाली की असंच असतं." कांचनने तिचा हात धरला, "ताई..." म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "टॅक्सी आली."

ऑकलंडला उतरल्यावर मुलाने विमानतळावर पहिला प्रश्न विचारला, "सांगितलंस?" तिने नकारार्थी मान हलवली. घराकडे वळायचा एक्झिट चुकला आणि गाडी पार टाकानिनी या पुढच्या उपनगरापर्यंत गेली. हेही त्याच्या तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

ऑक्टोबरात मोरेश्वररावांचा फोन मंगळवारीच आला, म्हणजे रविवारची वाट बघण्याइतकी सवड नव्हती. अनिरुद्धने पासपोर्ट मागितला. "मी चाललो. पकडू देत. आधी हॉस्पिटलमध्ये नेऊन भेटवा म्हणून सांगेन त्यांना." शेवटच्या वर्षाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. कांचनने त्याच्यासमोर अक्षरशः हात जोडले. "थांब. मी सगळं सांगते तिला. रविवारी निवांत बोलते, खोटं एक अक्षर नाही. तू फोनवर बोल, रड, काय हवं ते कर. पण असा जाऊ नकोस."

आणि तो थांबला. आईच्या शब्दावर थांबला.

ताई शुक्रवारी गेली.

रविवार का? बुधवारी काय झालं होतं, गुरुवारी काय झालं होतं? फोन तर स्वयंपाकघरात भिंतीवरच होता. कांचनला याचं उत्तर पुढे कधीच देता आलं नाही. भीती, दुसरं काय. मरणाऱ्या माणसाने आपल्याला खोटारडी म्हणून ओळखावं याची भीती. अनिरुद्धने परीक्षा दिली, पासही झाला. आईशी तो कामापुरतं बोलायचा, आणि बापाशी तेवढंही नाही.

जानेवारीत मोरेश्वरराव ऑकलंडला आले. एकट्याने त्या फ्लॅटमध्ये राहवेना म्हणून आले. खांदे उतरले होते, शर्ट सैल झाला होता. अनिरुद्ध पाया पडायला वाकला तर "असू दे, असू दे" म्हणून त्यांनी पाय मागे घेतले. चार दिवस ते त्याच्याशी परक्या मुलाशी बोलावं तसं सभ्यपणे बोलले: अभ्यास कसा झाला, नोकरी कुठे बघतोयस. पोराचं तोंड उतरलेलं कांचनला बघवेना.

पाचव्या दिवशी सकाळी हरीश बाहेर गवत कापत होता आणि अनिरुद्ध दूध आणायला गेला होता. कांचनने मोरेश्वररावांपुढे चहा ठेवला, समोरच्या खुर्चीत बसली आणि उभ्या उभ्या टाळलेलं सगळं बसून सांगितलं. सूट नव्हती. पत्रं खणात होती. पोर आला असता तर विमानतळावरच पकडला गेला असता. तो यायला तयार होता, मीच अडवलं. तो फोनवर यायचा नाही कारण त्याला तुमच्याशी खोटं बोलवत नव्हतं.

ते रागावतील, ओरडतील, निघून जातील, अशी तिने मनाची तयारी केली होती. ते रागावले नाहीत. चहा तसाच राहिला. कप बाजूला सरकवून म्हणाले, "ऑपरेशन झालं ना, त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन महिने बरे जातील. कुठे जायचं असेल तर आत्ता जाऊन या, पुढे जमणार नाही."

"मग?" कांचनने विचारलं.

"मी इकडची तिकिटं बघून ठेवली होती. तिला काय, पुणं नको, काही नको, अनूकडे जायचं होतं. बॅगेत त्याच्यासाठी काय काय भरलंन. आणि मग एक दिवस सगळं काढून परत कपाटात ठेवलंन." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणाली, त्याला माझ्याशी फोनवर दोन मिनिटं बोलवत नाही. मी दारात जाऊन उभी राहिले तर किती अवघड होईल पोराला. नको, जायला नको. मी म्हटलं अगं, बहीण आहे तुझी तिथे. तर म्हणाली, कांचनला कसं सांगू, की मी तिच्यासाठी नाही, तिच्या मुलासाठी येतेय?"

मग त्या सरळ रेघेच्या माणसाने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. कांचनला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर झाला नाही. ताई दोन महिने या घरात राहिली असती. या ओट्यापाशी उभी राहिली असती. कायदा आड आला नसता, सरकार आड आलं नसतं, कुणीही आड आलं नसतं.

बाहेर गवत कापायचं यंत्र थांबलं. हरीश घाम पुसत मागच्या दाराने आत आला आणि त्याच वेळी पुढच्या दाराने अनिरुद्ध दुधाचे कॅन घेऊन आला. काकांना तसं बघून तो जागीच थांबला.

"काय झालं? काका का रडतायत?"

"काही नाही रे," हरीश पटकन म्हणाला. "मावशीची आठवण आली त्यांना. तू ते दूध फ्रिजमध्ये ठेव."

"नाही," कांचन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ठेव ते खाली आणि इथे बस. मी सांगते."

आणि तिने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, तिकिटं, भरलेली बॅग, रिकामी केलेली बॅग, आणि ताईचे शब्द जसेच्या तसे. हरीश मध्येच "अगं, आता कशाला..." म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

अनिरुद्ध तिच्या तोंडाकडे बघत होता. एकवीस वर्षांचा, सहा फूट उंच मुलगा, पण हनुवटी लहानपणी थरथरायची तशीच थरथरत होती.

"म्हणजे मावशीला वाटलं," तो म्हणाला, "आय डिडन्ट वॉन्ट हर?"

कांचनने मान डोलावली.

"शेवटपर्यंत, आई?"

सवयीने तिच्या ओठांवर काहीतरी आलंच होतं. नाही रे, तिला मनातून माहीत असणार, असलं काहीतरी, ज्याने त्याला आजची झोप लागली असती. ते तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."