जंगलात नाव घेणार नाही

पहिल्या मुलाखतीत मी नापास झाले ती वाघामुळे. आत्ता रामनगरच्या स्टँडवर बसून सांगते आहे म्हणून त्याचं नाव घेते. जंगलात आम्ही घेत नाही. नवऱ्याला मी चारचौघांत 'कान्हू' म्हणून हाक मारते, लोक हसले तर हसोत. पण वाघाचं नाव माझ्या आईनं झाडाखाली उभं राहून कधी घेतलं नाही आणि मीही घेणार नाही.

अकरा वर्षं मी एका रिसॉर्टवर भाकऱ्या थापल्या. मालक बदलला, नव्यानं आपले स्वयंपाकी आणले आणि आम्हा सहा बायकांना घरी बसवलं. तेव्हाच ठरवलं, आता चूल फक्त घरची. बाहेर काम करायचं तर पाहुण्यांना जंगल दाखवायचं. जंगलातल्या दिग्गी गावात जन्मलेल्या बाईला जंगल कुणी शिकवायला नको.

पहिल्या ठिकाणी, जंगलातल्याच एका कॅम्पवर, साहेबानं विचारलं, इथं मोठे प्राणी कोणते? मी गवा सांगितला, अस्वल सांगितलं आणि म्हटलं, "आणि त्यो." त्यानं कागदावर लिहिलं, 'माहिती अपुरी'. मेल्याला जंगलातलं काय कळत होतं?

"भांडी घासायचं काम हाय की तिथं," कान्हू म्हणाला. "घे ते."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

आमची रक्षिता जोयड्याला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आई, एकदा म्हणून टाक की. काय व्हतंय?"

"ते सोडून काय बी शिकव."

तिनं शिकवलं. महिनाभर भात कापताना ती विचारायची, मी उत्तरं द्यायची. बेचाळीस पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ केली. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पोरगी माझ्यासारखीच तापट.

दुसरी मुलाखत कुळगीजवळच्या नव्या कॅम्पवर होती. मॅनेजर राजेश्वरी मॅडम, बेळगावच्या. झाडाखालीच टेबल मांडलं होतं. सगळे पक्षी बरोबर आले. मग तोच प्रश्न आला.

"त्यो हाय, मॅडम. पण नाव मी हितं घेत न्हाई."

त्या हसल्या. "अक्का, पाहुणे वाघासाठीच येतात. वाघ म्हणायला घाबरणारी गाईड मी कशी ठेवू? स्वयंपाकघरात जागा आहे, बघा."

माझं डोकं फिरलं. "स्वयंपाकघर मी मागितलं न्हाई. धा मिनिटं माझ्यासंगं चला. मग न्हाई म्हणा."

काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या. मी पुढं, त्या मागं. सागाच्या खोडावर माझ्या डोक्याच्याही वर नखांचे ओरखडे होते, ते दाखवले. ओढ्याकाठी ओल्या मातीत पावलं होती.

"काल सांजचं हितनं गेला," मी हळू म्हटलं. "एकटाच हाय. मागचा डावा पाय जरा ओढतो."

मॅडमनी हातातला मोबाईल पर्समध्ये टाकला. येताना त्या माझ्या अगदी पाठीशी चालत होत्या.

खुर्चीत बसल्यावर घोटभर पाणी प्यायल्या. मग इकडंतिकडं बघून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, तो... तो नेहमी येतो का इथं?"

मी पिशवी खांद्याला लावली.

"सोमवारपास्नं येते, मॅडम. सकाळी किती वाजता येऊ?"